ट्रान्समीटर, रडार आणि टॉवरजवळ सुरक्षित काम कसं करावं: सोलापूर परिसरातल्या तंत्रज्ञांसाठी

‘लाइट गेलीय तोवर पटकन वर जाऊन येतो’ असं टॉवरखाली कुणी म्हणालं, की त्याला तिथेच थांबवा. लाइट गेली म्हणजे ट्रान्समीटर बंद झाला, हा हिशोब मुळातच चुकीचा आहे. मोबाइलची यंत्रणा बॅटरीवर चालूच राहते. एफएम ट्रान्समीटर बंद पडला तरी जनरेटरने लोड घेतला की आधी होता त्याच पॉवरवर आपोआप परत येतो, कारण त्याची सेटिंगच तशी केलेली असते. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यात वळवाचं वारं सुटलं की लाइट संध्याकाळभर जात-येत राहते. त्या भरवशावर चढलेला माणूस अँटेनाच्या बरोबर समोर असताना खाली जनरेटर लोड घेतो.

रेडिओ लहरींबद्दल भीती खूप आणि माहिती थोडी, अशी परिस्थिती आहे. गच्चीवरच्या टॉवरने गल्लीत कॅन्सर होईल म्हणून भांडणारे लोक सापडतात. पण त्याच गच्चीवर अँटेनापासून हातभर अंतरावर दोन तास पाण्याची टाकी घासणाऱ्या मुलाची चौकशी कुणी करत नाही. हा लेख त्या मुलासाठी आहे. तसाच तो रंगारी, सोलर बसवणारे, एसी मेकॅनिक, टॉवरवर चढणारे रिगर, प्रसारण केंद्रातले तंत्रज्ञ आणि रडारची देखभाल करणारे यांच्यासाठीही आहे.

शरीरात काय होतं

रेडिओ लहरी ऊतींना तापवतात, आणि सिद्ध झालेला मुख्य परिणाम हाच आहे. क्ष-किरणांसारखं रेणू फोडण्याचं बळ त्यांच्यात नसतं. त्यामुळे डोस ‘साठत’ जात नाही आणि फिल्म बॅज (क्ष-किरणांचा डोस नोंदवणारा बिल्ला) लावून काही कळत नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये या लहरींना ‘२ ब’ म्हणजे ‘कदाचित कर्करोगकारक’ गटात टाकलं. तो निर्णय मुख्यतः मोबाइल कानाला लावून बोलण्याच्या अभ्यासांवरून, मर्यादित पुराव्यावर झाला होता. टॉवरवर काम करणाऱ्याने आधी काळजी करायची ती भाजण्याची, उष्णतेची आणि पडण्याची.

किती खोलवर तापतं ते फ्रिक्वेन्सीवर ठरतं. ८८ ते १०८ मेगाहर्ट्झचा एफएम पट्टा सगळ्यात त्रासाचा, कारण त्याची अर्धी तरंगलांबी माणसाच्या उंचीच्या आसपास येते. उभा माणूस स्वतःच अँटेनासारखा वागतो आणि ऊर्जा भरपूर शोषतो. वर गीगाहर्ट्झमध्ये गेलं की लहरी त्वचेजवळच जिरतात. १० गीगाहर्ट्झला त्या जेमतेम तीन-चार मिलिमीटर आत जातात, त्यामुळे चटका लवकर कळतो. एफएममध्ये मात्र आतून तापतं आणि कातडीला फारसा पत्ता लागत नाही. डोळ्याच्या भिंगाला आणि वृषणांना रक्तपुरवठ्याने थंडावा कमी मिळतो, म्हणून त्यांना जास्त जपायचं. काही लोकांना शक्तिशाली रडारच्या झोतात डोक्यात टिकटिक ऐकू येते. तो भास नसतो. लहरींच्या स्पंदांमुळे डोक्यातल्या ऊती क्षणोक्षणी किंचित प्रसरण पावतात आणि तो दाब कानाच्या आतल्या भागाला जाणवतो. टिकटिक ऐकू आली तर आपण झोतात उभे आहोत असं समजून बाजूला व्हायचं.

मर्यादेचे आकडे

आयसीएनआयआरपी या रेडिओ लहरींसारख्या किरणांपासून संरक्षणासाठीच्या आंतरराष्ट्रीय आयोगाच्या मर्यादा जगभर वापरल्या जातात. संपूर्ण शरीराने दर किलोला ४ वॅट शोषले तर तापमान साधारण एक अंशाने वाढतं. त्याचा दहावा भाग, म्हणजे किलोला ०.४ वॅट, ही कामगारांची मर्यादा आणि पन्नासावा भाग सामान्य जनतेची. प्रत्यक्ष कामाच्या जागी चौरस मीटरला किती वॅट हे मोजतात. कामगारांसाठी एफएम पट्ट्यात १० वॅट, ९०० मेगाहर्ट्झला २२.५ वॅट आणि २ गीगाहर्ट्झच्या वर ५० वॅट. जनतेसाठी याचा पाचवा भाग. भारताने मोबाइल टॉवरसाठी १ सप्टेंबर २०१२ पासून त्या जनतेच्या मर्यादेचाही दहावा हिस्सा लागू केला. म्हणजे ९०० मेगाहर्ट्झला ०.४५ वॅट आणि २ गीगाहर्ट्झच्या वर १ वॅट.

रेडिओचं प्रशिक्षण नसलेला माणूस, म्हणजे रंगारी, प्लंबर किंवा वॉचमन, कामासाठी आला असला तरी त्याला जनतेचीच मर्यादा लावायची. गरोदर तंत्रज्ञ महिलेलाही तीच. पेसमेकर, इन्सुलिन पंप किंवा कॉक्लियर इम्प्लांट असलेल्याने तर आकडे बघत बसू नये. उपकरण बनवणाऱ्याने लिहून दिलेलं अंतर पाळावं, नाहीतर कुंपणाच्या आत येऊच नये.

बंद म्हणजे खरंच बंद: चढण्यापूर्वीची पद्धत

सगळ्यात जास्त अपघात इथे टळतात, म्हणून ही पद्धत क्रमाने पाळा.

१. टॉवरवर कुणाकुणाचं काय लागलंय त्याची यादी करा. एका टॉवरवर एफएम, तीन मोबाइल कंपन्या, पोलिसांचा वायरलेस आणि दोन मायक्रोवेव्ह डिश असू शकतात. आपला ट्रान्समीटर बंद केला तरी शेजाऱ्याचा चालूच असतो. वर दिसणाऱ्या प्रत्येक अँटेनाची केबल खालपर्यंत डोळ्यांनी माग काढा.

२. प्रत्येक मालकाकडून लेखी परमिट घ्या. त्यात बंदची वेळ, चालूची वेळ आणि चालू कोण करणार त्याचं नाव हवं. फोनवर मिळालेलं ‘हो हो, बंद केलंय’ धरायचं नाही.

३. मुख्य ट्रान्समीटर बंद करण्यापूर्वी स्टँडबाय ट्रान्समीटर ऑटोवरून काढून मॅन्युअलवर घ्या. ही पायरी हमखास विसरली जाते. मेन बंद झाला की आपोआप बदल करणाऱ्या चेंजओव्हर यंत्रणेला वाटतं मेन बिघडला, आणि तो काही सेकंदांत स्टँडबाय अँटेनावर टाकतो. रिमोट कंट्रोलही लोकलवर आणा, नाहीतर दुसऱ्या शहरात बसलेला ऑपरेटर स्क्रीनवर लाल दिवा बघून ‘ऑन’ दाबेल.

४. ब्रेकर पाडा, त्याला कुलूप घाला, किल्ली चढणाऱ्याच्या खिशात. तिघे चढणार असतील तर तीन कुलपं, प्रत्येकाचं स्वतःचं. लाइट गेली की जनरेटर आपोआप सुरू करणाऱ्या एएमएफ पॅनेललाही कुलूप हवं.

५. जमत असेल तिथे अँटेनाकडे जाणारी यू-लिंक (यू आकाराचा जोड) काढून ट्रान्समीटर डमी लोडला, म्हणजे लहर न सोडता पॉवर उष्णतेत जिरवणाऱ्या भाराला, जोडा. लिंक काढल्यावर चुकून कुणी चालू केलं तरी लहर वर जात नाही. हा उपाय कुलपापेक्षाही पक्का.

६. ट्रान्समीटरच्या आत हात घालायचा असेल तर आधी अर्थिंग रॉडने कपॅसिटर उतरवा आणि रॉड तिथेच अडकवून ठेवा. व्हॉल्व्हच्या ट्रान्समीटरमध्ये प्लेटला कित्येक हजार व्होल्ट असतात. साठलेला चार्ज उतरवणारा ब्लीडर रेझिस्टर जळलेला असला की ते तासभरही उतरत नाहीत.

७. शेवटी मीटर घेऊन तपासा. मीटर जिवंत आहे याची खात्री आधी एखाद्या चालू स्रोताजवळ करा, मग बंद अँटेनाखाली, मग पुन्हा चालू स्रोताजवळ. शून्य दाखवणारा मीटर बिघडलेलाही असू शकतो.

एफएम अँटेना: किती लांब

जमिनीचं परावर्तन धरून एक सोपं गणित आहे. ईआरपी, म्हणजे अँटेनाचा गेन धरून झोताच्या दिशेची परिणामकारक पॉवर, वॅटमध्ये घ्या, ०.३३४ ने गुणा, अंतराच्या वर्गाने भागा. उत्तर चौरस मीटरला वॅटमध्ये येतं. सामुदायिक रेडिओला आपल्याकडे १०० वॅट ईआरपीची परवानगी असते. त्यावरून कामगाराचं सुरक्षित अंतर १.८ मीटर येतं, जनतेचं ४.१ मीटर, आणि जनतेच्या मर्यादेचा दहावा हिस्सा धरला तर सुमारे १३ मीटर. ५ किलोवॅट ईआरपीच्या केंद्रासाठी हेच आकडे १३, २९ आणि ९१ मीटर होतात. हे अंतर थेट झोताच्या दिशेचं. अँटेना उंच असली की खाली कुंपणापाशी आकडा बराच कमी होतो.

हे गणित अँटेनाच्या अगदी जवळ चालत नाही. बे-च्या, म्हणजे अँटेनाच्या एकेका घटकाच्या, शेजारून चढताना धातूच्या कैच्यांवर कुठे विद्युत क्षेत्र जोरकस तर कुठे शून्य असतं, आणि एका हातात शिडी आणि एका हातात फीडर (अँटेनाला पॉवर नेणारी केबल) धरला की मनगटातून प्रवाह जातो. त्यामुळे एफएमच्या बे-पाशी काम असेल तर पॉवर बंदच हवी. फक्त ओलांडून वर जायचं असेल तर मोजून ठरवलेल्या कमी पॉवरवर, न थांबता जायचं. सरासरी सहा मिनिटांची धरा, म्हणजे मर्यादेच्या दुप्पट जागी तीन मिनिटं आणि मग तीन मिनिटं पूर्ण बाहेर. पण हा हिशोब उष्णतेचा आहे. ठिणगी आणि चटक्याला सरासरी लागत नाही.

मीडियम वेव्हचा मनोरा

इथे मनोरा स्वतःच अँटेना असतो आणि पायाशी चिनी मातीच्या इन्सुलेटरवर उभा असतो. चालू मनोऱ्याला जमिनीवर उभं राहून हात लावला तर तो हात भाजतो. ही भाजणूक बाहेरून लहान, पांढरट ठिपक्यासारखी दिसते आणि आत खोल असते. स्पर्शाच्या प्रवाहाची कामगारांसाठीची मर्यादा आयसीएनआयआरपीच्या १९९८ च्या मार्गदर्शनात ४० मिलिअँपिअर होती, आणि ती ओलांडायला फार काही लागत नाही. शेजारच्या प्लॉटवर क्रेन उभी राहिली, पत्र्याची लांब शेड बांधली गेली किंवा तारेचं कुंपण ओढलं गेलं तरी त्यात व्होल्टेज येतं. हुकाला हात लावणाऱ्याला चटका बसला की ‘करंट येतोय’ म्हणून तो वायरमनला बोलावतो, आणि वायरमनच्या टेस्टरला कारण सापडत नाही. क्रेनच्या हुकाला इन्सुलेटेड लिंक लावा, बूम काम नसताना खाली घ्या, आणि जमलं तर त्या वेळेपुरता ट्रान्समीटर बंद मागा. अंगठी, कडं, धातूच्या पट्ट्याचं घड्याळ खालीच काढून ठेवा.

गच्चीवरची मोबाइल अँटेना

उभट पट्टीसारखी दिसते ती सेक्टर अँटेना. झोत समोर असतो, मागे आणि थेट खाली फारच कमी. ४० वॅट पॉवर आणि पन्नास पट गेन (ऊर्जा एका दिशेत एकवटण्याचं प्रमाण) धरला तर ९०० मेगाहर्ट्झला समोरच्या बाजूला कामगाराचं अंतर २.७ मीटर आणि भारतीय जनमर्यादेनुसार सुमारे १९ मीटर येतं, तेही अँटेनाच्या उंचीलाच. चार तशाच यंत्रणा एकाच खांबावर असतील तर अंतर चौपट होत नाही, दुप्पट होतं. नवी पेठेसारख्या दाटीच्या भागात समोरच्या इमारतीची गच्ची अँटेनाच्या बरोबरीने येते. तिथे टाकी, सोलर किंवा होर्डिंगचं काम काढण्यापूर्वी कंपनीच्या टेक्निशियनला बोलावून तेवढा सेक्टर बंद करून घ्या. तो अर्ध्या तासाचं काम असलं तरी करून देतो, मागावं मात्र लागतं. अँटेनावर कपडे वाळत घालणं, तिला वायर बांधणं, तिच्या समोर पत्रा लावणं टाळा. पत्रा लहर अडवतो खरा, पण ती परत तुमच्याकडे फेकतो.

गोल ड्रमसारख्या मायक्रोवेव्ह डिशची पॉवर बहुधा वॅटच्या आतच असते. त्यापासून आरोग्याला फारसा धोका नाही, पण समोर उभं राहिलात तर लिंक तुटेल.

राहत्या घराजवळच्या टॉवरची शंका असेल तर दूरसंचार विभागाच्या ‘तरंग संचार’ पोर्टलवर टॉवरची माहिती दिसते आणि फी भरून मोजणीही मागवता येते.

रडार

पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने ढगांच्या प्रयोगासाठी सोलापुरात सी बँडचं (४ ते ८ गीगाहर्ट्झच्या पट्ट्यातलं) डॉप्लर रडार लावलं होतं, त्यामुळे हवामानाच्या रडारचा पांढरा गोल घुमट इथे अनेकांनी पाहिला आहे. त्या जातीच्या एखाद्या रडारचं नमुना गणित असं. शिखर पॉवर २५० किलोवॅट, स्पंद एक मायक्रोसेकंदाचा, सेकंदाला हजार स्पंद. गुणाकार केला की सरासरी निघते फक्त २५० वॅट. तापवण्याचं काम सरासरी पॉवर करते.

डिश ४.२ मीटरची धरली तर झोत सुमारे ८० मीटरपर्यंत फारसा पसरत नाही, आणि त्यातली तीव्रता चौरस मीटरला ४० वॅटच्या आसपास राहू शकते. डिश फिरत असेल तर ५० मीटरवरच्या माणसावरून झोत फेरीच्या पंचाहत्तराव्या भागापुरताच जातो, म्हणजे सरासरी अर्धा वॅट. शिवाय झोत बहुधा क्षितिजाच्या वर असतो. म्हणून फिरणारं रडार खाली उभ्या माणसाला निरुपद्रवी आणि थांबलेलं रडार धोक्याचं. दुरुस्तीच्या दिवशी, एका दिशेत वर-खाली स्कॅन करताना किंवा सूर्याकडे रोखून कॅलिब्रेशन करताना डिश थांबते. अशा वेळी ती कुठे रोखली आहे ते कागदावर लिहा, आणि त्या दिशेत शेजारची उंच इमारत, पाण्याची टाकी किंवा शिडीवरचा माणूस नाही ना ते जाऊन बघा.

घुमटात शिरताना धोका दोन बाजूंनी असतो: लहरीचा आणि यंत्राचा. कित्येक क्विंटलची डिश सर्व्होवर (ती फिरवणाऱ्या मोटरवर) न आवाज करता फिरायला लागते आणि माणसाला कठड्याशी दाबते. म्हणून ट्रान्समीटरबरोबर सर्व्होचाही ब्रेकर पाडून कुलूप घाला. दार उघडताच यंत्र बंद पाडणारा इंटरलॉक चिकटपट्टी लावून ‘बायपास’ केलेला दिसला तर काम सुरूच करू नका.

क्लायस्ट्रॉन किंवा मॅग्नेट्रॉन या रडारची लहर देणाऱ्या नळ्या. त्यांना स्पंद पुरवणाऱ्या मॉड्युलेटरमध्ये दहा हजारांच्या कित्येक पट व्होल्ट असतात. इतक्या व्होल्टेजला क्ष-किरण तयार होतात, आणि कपाटाचा पत्रा आणि शिशाचं अस्तर ते अडवतं. जर्मनीत जुन्या लष्करी रडारवरच्या तंत्रज्ञांच्या आजारांचा तपास करणाऱ्या आयोगाने २००३ च्या अहवालात याच क्ष-किरणांवर बोट ठेवलं. झाकण उघडं ठेवून हाय व्होल्टेज देण्याचा मोह कितीही झाला तरी आवरा. उघड्या वेव्हगाइडमध्ये (लहर नेणाऱ्या पोकळ धातूच्या नळीत) डोकावू नका. फ्लँजचा (नळीच्या जोडाचा) एक बोल्ट ढिला असला तरी फटीतून गळती होते, आणि ती अगदी डोळ्यांच्या उंचीला असू शकते. फुटलेल्या पॉवर ट्रान्झिस्टरमधल्या पांढऱ्या सिरॅमिकला घासू, फोडू नका. ते बेरिलियम ऑक्साइड असू शकतं आणि त्याची धूळ फुप्फुसाला कायमची बाधते.

सुताच्या कारखान्यातला आरएफ ड्रायर

सोलापूरची गोष्ट म्हटल्यावर हाही भाग आलाच. रंगवलेल्या सुताचे कोन वाळवणारे आरएफ ड्रायर २७.१२ मेगाहर्ट्झवर चालतात आणि त्यांची पॉवर गावातल्या एफएम केंद्राहून जास्त असू शकते. गळती होते ती पट्ट्याच्या आत-बाहेरच्या तोंडाशी, आणि साफसफाईनंतर चारच स्क्रू लावून बसवलेल्या दाराशी. दाराच्या कडेच्या स्प्रिंगपट्ट्या काळ्या पडल्या की बदला. पायातून जमिनीत जाणारा प्रवाह कमी करायला ऑपरेटरच्या पायाखाली लाकडी फळीचा किंवा रबरी मॅटचा चौथरा द्या.

मीटर कसा धरायचा

लांबून सुरुवात करा आणि जवळ या, कारण थेट जवळ नेलेला प्रोब जळतो. एफएमसाठी आणि रडारसाठी प्रोब वेगळे असतात. डायोडचा साधा प्रोब स्पंदांच्या लहरीत चुकीचा आकडा देतो, रडारला थर्मोकपलचा (उष्णतेवरून मोजणारा) हवा, आणि त्यालाही शिखर पॉवरची मर्यादा असते. हात लांब ठेवा, धातूपासून प्रोब निदान २० सेंटिमीटर दूर. कमर, छाती, डोकं अशा तीन उंचींना मोजून सरासरी काढा. मीडियम वेव्हला विद्युत आणि चुंबकीय क्षेत्र दोन्ही मोजावी लागतात, एकावरून दुसरं काढता येत नाही. अंगावर लावायचा मॉनिटर छातीवर, बाहेरच्या बाजूला हवा. खिशात घातलेला मॉनिटर नुसतं ओझं. आणि सुती कपडा, रेनकोट, अगदी दोन सोलापुरी चादरी पांघरल्या तरी लहर अडत नाही. स्टीलच्या धाग्यांचा खास सूट असतो, तो टोपीसकट पूर्ण घातला तरच उपयोगी.

ऊन, उंची आणि मोहोळ

कामगाराच्या मर्यादेला सत्तर किलोच्या माणसात लहरींमुळे २८ वॅट उष्णता जिरते. टॉवर चढताना त्याचं स्वतःचं शरीर त्याच्या दहापटीहून जास्त उष्णता तयार करतं, आणि सोलापुरात मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो. म्हणजे आधीच शरीराची थंड होण्याची ताकद संपत आलेली असते. उन्हाळ्यात चढाई सकाळी दहाच्या आत उरका, वरच्या माणसाला दर अर्ध्या तासाने पाणी, आणि डोकं गरगरलं तर खाली येण्याआधी बेल्ट अडकवून बसायचं. पूर्ण अंगाचा हार्नेस आणि दोन लॅनयार्ड (अडकवायचे दोर), त्यातला एक नेहमी अडकलेला. चढण्याआधी दुर्बिणीने आग्या मोहोळ बघा. उंचावरून माश्यांपासून पळायला जागा नसते. ढग गडगडले की उतरा.

काही झालंच तर

पॉवर बंद करा, मगच माणसाला ओढा. नुसती ऊब जाणवली असेल तर सावलीत बसवा, पाणी द्या, तासभर लक्ष ठेवा. भाजलं असेल तर वीस मिनिटं वाहत्या साध्या पाण्याखाली धरा. टूथपेस्ट, शाई, तूप लावू नका. ठिपका लहान दिसला तरी दवाखान्यात न्या, कारण आतलं नुकसान दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर येतं. चटका हातातून हातात गेला असेल तर ईसीजी काढायला सांगा. डोळा झोतात आला असेल तर नेत्रतज्ज्ञांकडून भिंगाची तपासणी करून तिची नोंद ठेवा. प्रयोगात सशांना मोतीबिंदू झाला तो चौरस मीटरला हजार वॅटच्या वरच्या तीव्रतेला, त्यामुळे घाबरून जायचं कारण नाही. पण पुढे वयोमानाने मोतीबिंदू आला तर तुलनेला कागद हवा.

डॉक्टरांना ‘रेडिएशन लागलं’ असं सांगू नका, ते क्ष-किरणांच्या दिशेने विचार करतील. एका चिठ्ठीवर फ्रिक्वेन्सी, ट्रान्समीटरची पॉवर, अँटेनापासूनचं अंतर, किती मिनिटं आणि शरीराचा कोणता भाग, एवढं लिहून माणसाबरोबर पाठवा. उघड्या मॉड्युलेटरजवळची घटना असेल तर किती किलोव्होल्ट होते तेही त्यातच लिहा.